विंडसर्फिंग: वारा किती, शीड केवढं?

पाण्यावर एका फळीवर उभं राहून, हातात रंगीत शीड धरून सरसर निघून जाणारी माणसं तुम्ही प्रत्यक्ष नाही तरी रील्समध्ये नक्कीच पाहिली असतील. पाहताना दोन विचार मनात येतात. एक, काय मजा येत असेल! आणि दुसरा, हातात केवढी ताकद असेल! पहिला विचार अगदी बरोबर आहे. दुसरा मात्र चुकीचा आहे, आणि त्याच गैरसमजामुळे अनेकजण या खेळापासून लांब राहतात, किंवा आले तरी पहिल्या दोन दिवसांत दमून सोडून देतात.

विंडसर्फिंगमध्ये वाऱ्याशी कुस्ती खेळायची नसते. त्या दिवशी वारा किती आहे ते ओळखायचं, आपल्या वजनाला झेपेल एवढं शीड लावायचं आणि मग वाऱ्यालाच काम करू द्यायचं. हे जमलं की बारा वर्षांची मुलगी आणि पन्नाशीचे काका एकाच पाण्यात, एकाच दुपारी मजेत फिरू शकतात. हे चुकलं तर मात्र रोज व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाचीही पाण्यात दमछाक होते. म्हणून या वेळी आपण वारा आणि शीड यांची जोडी कशी जमवायची ते पाहू या.

आधी खेळ समजून घ्या

आपल्या कोकणातल्या शिडाच्या होडीत डोलकाठी पक्की बसवलेली असते आणि दिशा द्यायला सुकाणू असतं. विंडसर्फिंगच्या बोर्डला सुकाणू नसतं. डोलकाठी बोर्डला एका लवचिक सांध्याने जोडलेली असते. त्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. या सांध्यामुळे शीड कोणत्याही बाजूला कलतं आणि फिरतं. होडीत जे काम दोरखंड करतात, ते इथे तुमचे दोन हात करतात, आणि सुकाणूचं कामही शीडच करतं.

हा खेळ फार जुना नाही. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६४ च्या सुमारास शीड लावलेला बोर्ड बनवला होता. पुढे कॅलिफोर्नियात विमान अभियंता जिम ड्रेक आणि त्यांचे मित्र हॉयल श्वाइट्झर यांनी लवचिक सांध्याची रचना तयार करून १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी हा खेळ आला. आपल्याकडेही त्यात चांगली कामगिरी झाली आहे. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ईबाद अलीने पुरुषांच्या आरएसएक्स विंडसर्फिंग प्रकारात कांस्यपदक मिळवलं.

सामानाची नावं एकदा लक्षात ठेवा, पुढे लागतील. उभी असते ती डोलकाठी, म्हणजे मास्ट. शिडाला दोन्ही बाजूंनी वेढणारा आणि आपण हाताने धरतो तो आडवा दांडा म्हणजे बूम. शिडात आडव्या घातलेल्या पट्ट्या म्हणजे बॅटन. पाण्यात पडलेलं शीड वर ओढायची जाड दोरी म्हणजे अपहॉल. बोर्डखाली मागच्या बाजूला असतो तो फिन. शिकण्याच्या बोर्डला मध्यभागी आणखी एक मोठं पातं असतं, त्याला डॅगरबोर्ड म्हणतात. त्यामुळे बोर्ड आडवा घसरत नाही.

शाळेतला भूगोल इथे कामाला येतो

खारे वारे आणि मतलई वारे आठवतात का? दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो मतलई वारा. परीक्षेत दोन मार्कांसाठी पाठ केलेली ही गोष्ट विंडसर्फिंगमध्ये जीव वाचवते.

गोव्याचं उदाहरण घ्या. हिवाळा संपत आला की मान्सून येईपर्यंत साधारण रोजचा क्रम ठरलेला असतो. सकाळी जमिनीकडून हलका वारा येतो, मधे थोडा वेळ सगळं शांत होतं आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. हा दुपारचा वारा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतो. दमलात, पडलात तरी हळूहळू वाळूवरच येऊन लागता. सकाळचा वारा बरोबर उलटं करतो. तो तुम्हाला खोल समुद्राकडे नेतो.

यातली फसवी बाब अशी, की जमिनीकडून येणारा वारा किनाऱ्याजवळ कमी जाणवतो. झाडं, इमारती, टेकड्या त्याला अडवतात. पाणी आरशासारखं सपाट दिसतं. नवशिक्याला वाटतं, वा, शिकायला किती छान! पण शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर आडोसा संपतो, वारा वाढतो आणि परत फिरायचं कौशल्य अजून अंगात आलेलं नसतं. म्हणून किनाऱ्यावरून पाण्याकडे वारा वाहत असेल, तर नवशिक्यांनी सुरक्षा बोट सोबत असल्याशिवाय पाण्यात जायचंच नाही.

तुम्ही चेन्नई किंवा पुदुच्चेरीला राहत असाल तर नकाशा उलटा करून विचार करा. पश्चिमेचा वारा गोव्यात तुम्हाला किनाऱ्यावर आणतो. तोच पश्चिमेचा वारा पूर्व किनाऱ्यावर तुम्हाला समुद्रात नेतो. जून-जुलैत चेन्नईला सकाळी असा वारा अनेकदा असतो. म्हणून "पश्चिमेचा वारा चांगला" असं कोणी सांगितलं, तर आधी विचारा, कुठल्या किनाऱ्यावर?

भोपाळचा मोठा तलाव किंवा हैदराबादचा हुसेनसागर अशा ठिकाणी शिडाच्या खेळांचं प्रशिक्षण चालतं. तलावात लाटा कमी, ही सोय. पण भोवतीच्या टेकड्या आणि इमारती यांमुळे वारा तुटक येतो. क्षणात पडतो, क्षणात जोराचा झोत येतो. अशा ठिकाणी शीड निवडताना सरासरी वाऱ्यापेक्षा झोतांचा विचार आधी करा.

आणि पावसाळा? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीसुद्धा बंद असते. पिढ्यानपिढ्या समुद्र ओळखणारी माणसं जेव्हा होड्या वाळूवर ओढून ठेवतात, तेव्हा आपणही बोर्ड घरी ठेवावा.

वारा मोजायचा कसा?

विंडसर्फिंगमध्ये वारा नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. मोबाइलवर हवामानाचं ॲप उघडलं की पहिलं काम, एकक कोणतं आहे ते बघा. ताशी २० किलोमीटर म्हणजे साधारण ११ नॉट. सेकंदाला १० मीटर म्हणजे मात्र १९ नॉटहून थोडा जास्त. आकडे तेच वाटतात, पण दिवस पूर्ण वेगळा असतो.

दुसरं, ॲपमध्ये सरासरी वारा आणि झोताचा वेग असे दोन आकडे असतात. १२ नॉट सरासरी आणि १४ चे झोत असतील तर तो शांत, विश्वासू वारा. १२ सरासरी आणि २२ चे झोत असतील तर तो दिवस नवशिक्यांचा नाही.

ॲप मोठ्या भागाचा अंदाज देतं, तुमच्या समोरच्या पाण्याचा नाही. त्यामुळे किनाऱ्यावर पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं बघत बसा. डोळ्यांनीही वारा मोजता येतो:

• ४ ते ६ नॉट: चेहऱ्यावर वारा जाणवतो, पानं सळसळतात, पाण्यावर बारीक लहरी. पहिल्या धड्यासाठी उत्तम.

• ७ ते १० नॉट: पानं आणि डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा पूर्ण उघडतो, कुठेतरी एखादी लाट पांढरी फुटते. शिकण्यासाठी छान, पण शीड लहान हवं.

• ११ ते १६ नॉट: धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात, पाण्यावर पांढरा फेस जागोजागी दिसतो. थोडा सराव झालेल्यांची खरी मजा इथे सुरू होते.

• १७ ते २१ नॉट: लहान झाडं डोलतात, जिकडेतिकडे पांढरा फेस, थोडे तुषारही उडतात. सराव पक्का असेल तरच.

• २२ च्या पुढे: मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरणं अवघड होतं. इथे फक्त मुरलेल्या लोकांचं काम.

हे आकडे इतके महत्त्वाचे का? कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. १० वरून १४ नॉट म्हणजे ऐकायला फक्त ४ चा फरक, पण हातावर येणारा ओढा जवळपास दुप्पट. सकाळी मजेत चालवलेलं शीड दुपारी तुम्हाला उचलून आपटतं, त्याचं कारण हेच.

शीड केवढं? एक सोपा हिशेब

शिडाचं माप चौरस मीटरमध्ये असतं. ५.० लिहिलं असेल तर ५ चौरस मीटर. ज्यांना बोर्डवर तोल सांभाळता येतो, सरळ जाता येतं आणि आता पाण्यावरून वेगाने घसरत जायचं आहे, त्यांच्यासाठी तोंडी करता येईल असा हिशेब आहे.

तुमच्या वजनात वजनाचा एक तृतीयांश भाग मिळवा. आलेल्या संख्येला वाऱ्याच्या नॉटने भागा. उत्तर म्हणजे शिडाचं अंदाजे माप.

वजन ६० किलो असेल तर ६० अधिक २०, म्हणजे ८०. वारा १६ नॉट असेल तर ८० भागिले १६, म्हणजे ५ चौरस मीटर. वजन ७५ असेल तर ७५ अधिक २५, म्हणजे १००. त्याच १६ नॉटला साधारण ६.२ चौरस मीटर. वजन ४५ असेल तर बेरीज ६०, आणि शीड पावणेचार.

आता बघा, एकाच दुपारी, एकाच किनाऱ्यावर तीन माणसांना तीन वेगळी शिडं लागली. आणि तिघांचीही बरोबर आहेत! म्हणूनच शेजारचा कोणतं शीड लावतोय हे बघून आपलं शीड ठरवू नका. "त्याने सहाचं लावलंय, मग मी पावणेचारचं कसं लावू?" असं वाटून घेऊ नका. हलक्या माणसाला लहान शीड पुरतं, आणि लहान शीड उचलायलाही हलकं. मुली, महिला आणि किशोरवयीन मुलांसाठी ही चांगलीच सोय आहे.

हा हिशेब अंदाजाचा आहे. बोर्ड, पाण्याची स्थिती, तुमचा सराव यांनुसार अर्ध्या चौरस मीटरचा फरक पडतो. उत्तर दोन मापांच्या मधे आलं तर लहान माप घ्या. वारा साधारण १२ ते २५ नॉट असेल तेव्हाच हा हिशेब कामाचा. वारा त्याहून कमी असेल तर उत्तर अवाढव्य येतं. तसं शीड शर्यतवाले लावतात, आपण नाही.

पहिल्यांदा शिकताना

शिकणाऱ्यांनी वरचा हिशेब बाजूला ठेवायचा. तुम्हाला वेग नको आहे, वारंवार शीड उचलायचं आहे. पहिल्या दिवशी तुम्ही अनेकदा पाण्यात पडणार. प्रत्येक वेळी शिडावर पाणी साचतं आणि ते पाण्यासकट वर ओढावं लागतं. मोठं शीड असेल तर अर्ध्या तासात कंबर धरते.

५ ते १० नॉटच्या वाऱ्यात प्रौढांनी साधारण ४ ते ५ चौरस मीटरचं शीड घ्यावं. वजन कमी असेल तर साडेतीनचंही चालेल. लहान मुलांसाठी दीड ते अडीच चौरस मीटरची खास हलकी शिडं मिळतात. शिकवणाऱ्याने "आज आणखी लहान शीड लावू या" असं म्हटलं तर त्याचा अनुभव माना.

बोर्डचंही असंच. बोर्डचं माप लिटरमध्ये असतं आणि ढोबळ मानाने एक लिटर एक किलो तरंगवतो. ६० किलोचं माणूस, शीड आणि खुद्द बोर्ड, एवढं सगळं तरंगून वर भरपूर शिल्लक राहायला हवी. म्हणून शिकताना आपल्या वजनापेक्षा किमान ८० ते १०० लिटर जास्तीचा, रुंद बोर्ड घ्या. म्हणजे ६० किलोला १६० लिटर किंवा मोठा. बोर्ड मोठा, शीड लहान, एवढं लक्षात ठेवलं तरी सुरुवात चांगली होते.

उभं राहायचं कसं, वळायचं कसं

सगळ्या हालचाली आधी वाळूवर करून बघा. पाण्यात मग पुढच्या क्रमाने जा.

१. बोर्ड वाऱ्याला आडवा ठेवा. वारा तुमच्या पाठीवर आणि शीड तुमच्या समोर पाण्यात, अशी स्थिती हवी. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल ठेवून उभे राहा.

२. अपहॉल दोरी धरा. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा आणि सगळं वजन मागे टाका. हाताने किंवा कमरेतून वाकून ओढू नका. विहिरीवरून पाण्याने भरलेली कळशी ओढताना आपण मागे रेलतो, तसं. पहिले काही क्षण शीड हलणार नाही. त्यावरचं पाणी निथळू द्या. मग ते आपोआप हलकं होतं.

३. शीड वर आलं की ते झेंड्यासारखं फडफडू द्या. या स्थितीत शिडात ताकद नसते. ही तुमची विश्रांतीची जागा. काही बिघडलं की इथेच परत यायचं.

४. आता ज्या दिशेला जायचं तिकडे बघा, पायांकडे नाही. पुढच्या हाताने बूम डोलकाठीजवळ धरा आणि डोलकाठी आपल्या अंगावरून वाऱ्याच्या बाजूला आणा, तोल साधेपर्यंत. पुढचं पाऊल डोलकाठीच्या बाजूला, बोट बोर्डच्या नाकाकडे. मागचं पाऊल खांद्याच्या रुंदीएवढं मागे.

५. मागचा हात बूमवर ठेवून शीड हळूच आपल्याकडे ओढा, दार लोटून घेतो तसं. शिडात वारा भरतो आणि बोर्ड चालू लागतो.

ओढा जास्त वाटला तर मागचा हात सैल करा. शीड उघडतं, ताकद निघून जाते. मागचा हात म्हणजे तुमचा ॲक्सिलरेटर. तो दाबायचाही असतो आणि सोडायचाही. घाबरून बूम अजून घट्ट ओढणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे. त्याने वेग वाढतो, कमी होत नाही.

वळण्यासाठी शीड कलवायचं. डोलकाठी बोर्डच्या नाकाकडे झुकवली की बोर्ड वाऱ्यापासून दूर वळतो. मागे, शेपटाकडे झुकवली की बोर्ड वाऱ्याच्या दिशेने वर वळतो. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलंच शीड जात नाही. वारा येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा भाग आपल्यासाठी बंद. तिकडे जायचं तर घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेत जायचं.

वारा वाढला की हात वाकवून शीड छातीशी धरू नका. हात लांब ठेवा आणि संपूर्ण अंग बाहेरच्या बाजूला रेलवा. वजन बूमवर टांगलेलं असलं पाहिजे. पुढे सराव झाला की कमरेला हार्नेस बांधतात आणि त्याचा हूक बूमवरच्या दोरीत अडकवतात. मग ओढा हातांऐवजी शरीराच्या वजनावर जातो आणि तासभर फिरूनही दंड दुखत नाहीत.

तेच शीड, दोन स्वभाव

प्रत्येक वाऱ्याला नवं शीड घेणं कुणालाच परवडत नाही. पण एकच शीड थोडं बदलता येतं. त्यासाठी दोन दोऱ्या आहेत.

पहिली डाउनहॉल. ही शिडाला डोलकाठीवर खाली ताणते. ती नीट ताणली की शिडाची वरची मागची कड सैल होते. जोराचा झोत आला की तो भाग उघडतो आणि जास्तीचा वारा वरून निसटून जातो. नवीन माणसं ही दोरी कमी ताणतात, कारण ती ओढायला जड असते आणि वरची सैल कड बघून शीड नीट लागलं नाही असं वाटतं. बॅटन असलेल्या आधुनिक शिडात ती सैल कडच बरोबर असते.

दुसरी आउटहॉल. ही शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणते. कमी वाऱ्यात ती थोडी सोडा, म्हणजे शिडाला पोट येतं आणि ताकद मिळते. जास्त वाऱ्यात ओढा, म्हणजे शीड सपाट होतं आणि आवरायला सोपं जातं.

बूमची उंची खांदा आणि हनुवटी यांच्या मधे ठेवा.

ईबाद अलीने पदक मिळवलेल्या आरएसएक्स प्रकारात पुरुषांना ९.५ चौरस मीटरचं एकच शीड असतं. वारा कमी असो वा जास्त, शीड बदलायची सोय नाही. पॅरिसच्या २०२४ ऑलिंपिकमध्ये आलेल्या आयक्यूफॉइल प्रकारातही पुरुषांना ९ आणि महिलांना ८ चौरस मीटरचं ठरलेलं शीड होतं. त्या खेळाडूंना सगळं काही दोऱ्या आणि शरीराच्या तोलावर निभावून न्यावं लागतं, त्यासाठी ते वर्षानुवर्षं सराव करतात. तुमच्यावर तशी सक्ती नाही. तुम्हाला किनाऱ्यावर येऊन लहान शीड लावायची पूर्ण मुभा आहे, ती वापरा.

शीड चुकलंय हे कसं ओळखायचं?

मोठं झालंय: मागच्या हातावर सतत ओढा येतो. बोर्ड मनाविरुद्ध वाऱ्याकडे वळतो. झोत आला की तुम्ही शिडासकट पुढे फेकले जाता. शीड पूर्ण बंद करायची हिंमत होत नाही, अर्धं उघडंच ठेवून चालावं लागतं. आधी दोन्ही दोऱ्या ताणून बघा. तरीही हेच होत असेल तर किनाऱ्यावर येऊन शीड बदला.

लहान झालंय: मागे रेललात की पाठीवर पाण्यात पडता. बोर्ड रेंगाळतो. आउटहॉल थोडी सोडून बघा.

या दोन्हींत फरक एवढाच, की लहान शिडाने कंटाळा येतो आणि मोठ्या शिडाने संकट येतं. शंका असेल तर कंटाळा पत्करा.

विकत घेताना

पहिले काही महिने भाड्याच्या सामानावरच शिका. आपल्याला हा खेळ आवडतो का, जवळच्या पाण्यावर वारा बहुतेक किती असतो, हे कळल्यावरच खरेदी करा. तेव्हा एवढं बघा:

• सुरुवातीला कॅम्बर नसलेलं फ्रीराइड प्रकारचं शीड घ्या. ते हलकं असतं आणि वळताना सहज पलटतं. शर्यतीचं शीड स्वस्तात मिळालं तरी नको.

• नेहमीचा वारा १३ नॉटच्या आसपास असेल तर ६० किलोच्या माणसाला साधारण सहाचं शीड सगळ्यात जास्त वापरलं जाईल. दुसरं घ्यायचं झालं तर त्याहून एक चौरस मीटरने लहान घ्या.

• शिडावर कोणत्या लांबीची डोलकाठी लागेल ते छापलेलं असतं, जसं ४०० किंवा ४३० सेंटिमीटर. डोलकाठीची जाडी आणि ताठपणाही जुळायला हवा. चुकीच्या डोलकाठीवर चांगलं शीडही वेडंवाकडं वागतं.

• जुनं शीड घेताना ते उजेडात धरून बघा. पारदर्शक भाग धुरकट, पिवळट किंवा कडक झाला असेल तर उन्हाने तो कमजोर झाला आहे. बॅटनच्या खोबणी आणि शिवण तपासा.

आपल्याकडचं ऊन शिडाचा मोठा शत्रू. वापर झाला की गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि गुंडाळून ठेवा. वाळूवर फडफडत ठेवू नका.

परतीचा रस्ता आधी ठरवा

पाण्यात पाय घालण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. वारा वाढला किंवा पडला तर मी परत कसा येईन? उत्तर नसेल तर त्या दिवशी नुसतं बघा.

पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, आणि एकट्याने जाऊ नका. किती वाजता परतणार हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगा. सुरुवातीला वाऱ्याच्या दिशेने वर चढा, म्हणजे दमल्यावर परतीचा प्रवास वाऱ्यासोबत होतो. खारा वारा संध्याकाळी पडतो, त्यामुळे सूर्य मावळायच्या बराच आधी परत फिरा. खाडी किंवा नदीच्या मुखाजवळ ओहोटीचा प्रवाह बाहेर ओढतो, तिथली भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काहीही झालं तरी बोर्ड सोडू नका. किनारा कितीही जवळ वाटला तरी पोहत निघू नका. बोर्ड बुडत नाही आणि लांबूनही दिसतो, पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही. बोर्डवर बसा किंवा आडवे व्हा, आणि दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करा. मदत हवी असल्याची ही सर्वत्र ओळखली जाणारी खूण आहे. घरातल्या मुलांना ही खूण वाळूवरच शिकवून ठेवा.

पुढच्या सुट्टीत समुद्रावर किंवा तलावावर गेलात तर बोर्ड भाड्याने घेण्याआधी दहा मिनिटं झाडांकडे, झेंड्यांकडे आणि पाण्यावरच्या फेसाकडे बघा. घरातल्या प्रत्येकाने वाऱ्याचा अंदाज सांगायचा आणि मग ॲपवर पडताळायचा. हा खेळ फुकट आहे आणि आजी-आजोबाही त्यात जिंकू शकतात. वारा ओळखता येऊ लागला की शीड निवडणं अवघड राहत नाही. आणि त्या दिवशी शिकवणाऱ्याने लहान शीड पुढे केलं, तर हसत घ्या आणि पाण्यात उतरा.